क्षितिज वाद्यवृंदाची एकुलती एक बैठक

तात्यारावांनी गिटार घेतली ती तिच्या वायरीसाठी. हे कुणाला सांगून पटलं नसतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

सोलापुरात एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्याच्या सामानात ती होती. लाल रंगाची, एका कडेचे पोपडे उडालेली. घरी आणली तेव्हा आई, म्हणजे जाईबाई, चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले, ती वस्तू उलटीसुलटी करून पाहिली आणि मागं लोंबणारी काळी वायर चिमटीत धरून म्हणाली, "हे शेपूट कशाला रं?"

"विजेवर वाजतंय आई. ते मशिनीत खोचल्याबिगर आवाज न्हाय."

"म्हंजी चालता चालता वाजवता येत न्हाय?"

"न्हाय."

जाईबाईनं वायर चिमटीतून सोडली. मग म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे. चांगलं हाय."

तात्यारावांचा बाप गावात हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, साहेबाची जीप येवो, बाप पुढं आणि गाव मागं. पंगतीला मात्र गाव पुढं आणि बाप मागं. छप्पन साली सगळ्या वस्तीनं धर्म बदलला. त्या हिवाळ्यात बापानं हलगी ओढ्याकाठच्या पडक्या विहिरीत टाकली आणि घरी येऊन सांगितलं, "आपल्यातल्या कुणी आता कुणाच्या म्होरं वाजवीत चालायचं न्हाय." बाप गेला. आता तर ती विहीरही कोरडी पडली. पण हाताची खाज काही विहिरीत टाकता येत नाही, ती तात्यारावांच्या वाट्याला आली. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं, की वाजवायचं, पण लोकांनी बसून ऐकायचं. एकदा तरी. आईनं समोर बसून बघायचं, की गाव बसलंय आणि आपला पोरगा वाजवतोय.

माणसानं इतकं थोडं मागू नये. मोठं मागणाऱ्याला लोक निदान नाही तरी म्हणतात. थोडं मागणाऱ्याचं कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

आता वाजवायचं काय, तर तेच सांगताना तात्यारावांची बोबडी वळायची. औरंगाबादला वसतिगृहात असताना खोलीतल्या जोडीदाराकडं एक विलायती कॅसेट होती. तीत गाणारं कुणी नव्हतंच. आधी बराच वेळ नुसती एक तार घुमायची, मग व्हायोलिनी हळूहळू वर चढायच्या, मग ढोलांचा असा गडगडाट व्हायचा की छातीची फासळी हलावी, आणि पुन्हा सगळं शांत. रॉक म्हणायचं, पण नाचायचं नाही. ऐकताना उगीचच संध्याकाळ झाल्यासारखी वाटायची. "ह्येला ॲटमॉस्फेरिक म्हणत्यात," जोडीदार म्हणाला होता. तात्यारावांनी शब्दकोश काढून पाहिलं. त्यात लिहिलं होतं, वातावरणविषयक. हा शब्द त्यांनी वहीत नव्हे, काळजात लिहून ठेवला. साप माणूस असाच पाळतो, दूध पाजून.

सावरदरा हे त्यांचं गाव ईट आणि वाशीच्या मधल्या माळावर. त्या दिवसांत उस्मानाबाद जिल्ह्यात पाऊस सोडून सगळं सहकारी झालं होतं. गावात दुधाची संस्था होती, सोसायटी होती, सोसायटीचं गोडाऊन होतं, आणि या सगळ्याचे चेअरमन सरपंच आण्णासाहेब होते. तात्याराव दूध संस्थेत कारकून. म्हणजे सचिवाची सही सोडून सचिवाचं सगळं काम त्यांचं. लागोपाठ दुसऱ्या साली पावसानं दगा दिला, दूध आटलं, आणि संध्याकाळी डेअरीत रिकाम्या कॅनांशिवाय काही उरेना. दुष्काळाचा तेवढाच एक फायदा झाला. रिकाम्या कॅनात तार फार सुंदर घुमते.

साथीला त्यांनी वाशीचा ज्ञानोबा धरला. त्याची लग्नाची बँड पार्टी होती. दुष्काळात लग्नं पुढं ढकलली गेली, आणि ज्ञानोबाची क्लॅरोनेट खुंटीला लागली होती.

"रॉक म्हंजी काय तात्या? रोख?" त्यानं विचारलं. "म्हंजी उधारीवर वाजवायचं न्हाय, व्हय? ह्ये बाकी चांगलं काढलं तुमी."

त्याच्याबरोबर मोठा ढोल आला, आणि ढोलाबरोबर त्याचा मेव्हणा. हा मेव्हणा दोन ठोक्यांच्या मधे झोपू शकायचा. चौथा रेवणप्पा, कापडाचं दुकान चालवणारा. त्याच्याकडं आजोबांची व्हायोलिन होती. ती तो एरवी फक्त शिवरात्रीला, देवापुढं वाजवी. "देवानं आजवर तक्रार केली नाही," एवढीच त्याची शिफारस होती.

बँडला नाव हवं म्हणून तात्यारावांनी 'क्षितिज वाद्यवृंद' असं ठेवलं.

"क्षितिज म्हंजी?" ज्ञानोबानं विचारलं.

"लांब, जिथं आभाळ भुईला टेकतंय, ते."

"म्हंजी आभाळातलं खातं," ज्ञानोबा म्हणाला आणि नळीवर फुंकर मारून तिच्यातली धूळ काढू लागला. अंबाबाईनं जिभेवर काही बोल ठेवलेले असतात म्हणतात, ते असे.

तालीम सुरू झाली तसा गाव सल्ले द्यायला लागला. शेजारच्या द्वारकाबाई आल्या त्या म्हशीची फिर्याद घेऊनच. "तात्याराव, तुमचं ते ऊं ऊं सुरू झालं की माजी म्हैस पान्हा चोरती. आधीच आचळात काय न्हाय, त्यात तुमचं रडगाणं." तात्यारावांनी फार गंभीरपणे समजावलं, की हे रडगाणं नाही, माळावरच्या एकटेपणाचं चित्र आहे. रचनेचं नावच 'माळ' आहे. द्वारकाबाई म्हणाल्या, "माळ बघायला म्हशीला तुमची पेटी कशाला लागती? ती रोज तिथंच जाती की."

हा मुद्दा बिनतोड होता. तात्यारावांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

कुणी म्हणालं एक बाई उभी करा. कुणी म्हणालं मधे मधे तमाशातली बतावणी घाला. पोलीस पाटील म्हणाले, निदान शेवटी आरती म्हणा, म्हणजे संपलं ते कळंल तरी. बायको मालनबाई ही त्यातल्या त्यात समंजस. ती फक्त म्हणाली, "शब्द न्हाईत त्यात, तर तुमी इसरलाव तरी कुणाला कळणार न्हाय. बरं हाय." अशा आधारावर माणूस उभा राहतो आणि तसाच पडतो.

लोकांना बसवायचं तर पटांगण एकच, सोसायटीच्या गोडाऊनपुढचं. आण्णासाहेब म्हणाले, "माझी ना न्हाय. पण कर्णा लावायचा, मानसं जमवायची, तर करमणूक कराचा कागद आणा कचेरीतनं." तात्याराव तालुक्याला गेले. तिथल्या कारकुनानं चष्मा वर केला.

"तमाशा?"

"न्हाय."

"सर्कस? जादूचे प्रयोग?"

"न्हाय. वाद्यवृंद आहे."

"ऑर्केस्ट्रा म्हणा की मग. गाणार कोण?"

"गाणारं कुणी न्हाय."

"नाचणारं?"

"तेही न्हाय."

कारकून खरोखर दुखावला. "अहो, मग करमणूक कशातनं होणार? आणि करमणूक न्हाय तर मी कर कशावर लावू?"

या प्रश्नावर तात्यारावांनी आयुष्यभर जपलेला शब्द बाहेर काढला. छाती थोडी पुढं करून ते म्हणाले, "हे वातावरणनिर्मितीचं संगीत आहे."

कारकुनाच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "मग इकडं कशाला आलाव? वातावरणाचं टंचाई शाखेत."

टंचाई शाखेत टँकर आणि गुरांच्या छावण्या यांच्या फायलींच्या ढिगाखाली बसलेल्या साहेबानं एवढंच विचारलं, की वातावरण निर्माण व्हायला साधारण किती वेळ लागतो. तात्यारावांना वाटलं, या कचेरीत पहिल्यांदाच कुणी रसिकतेचा प्रश्न विचारला. ते भारावून म्हणाले, "सुरुवातीला काहीच वाटत न्हाय साहेब. पण पंधरा-वीस मिनिटांत भरून येतं."

साहेबानं तिथल्या तिथं शिक्का मारला. सरकारी कामात इतक्या लवकर शिक्का बसला की समजावं, आपण काहीतरी भलतंच मागितलेलं आहे. तात्याराव समजले नाहीत. ते येष्टीत खिडकीशी बसून, कागद छातीशी धरून, ताल धरत गावी आले.

गावात ते उतरायच्या आधीच बातमी उतरली होती. सरकारनं ढगाचा बँड मंजूर केला. तात्याराव वातावरण तयार करणार. आण्णासाहेबांनी दवंडी दिली, आणि ती ईटपर्यंत गेली, वाशीपर्यंत गेली, तेरखेड्यालाही पोचली. द्वारकाबाई हात जोडून दारात आल्या. "तात्याराव, म्हशीचं बोललेलं मनावर घेऊ नगा. पर परोग्राम एक दिस म्होरं ढकला. माळवदावर सांडगं वाळत घातल्यात."

तात्याराव घरोघर फिरले. "अहो, वातावरण म्हंजी मनातलं. आतलं." लोक डोळा मारून म्हणायचे, "व्हय व्हय. आतलंच. तुमी काय सांगू नका." माणूस खरं बोलतोय याचा संशय आला की लोक फार नम्र होतात. शेवटी ते आईपाशी येऊन बसले. "आई, कार्यक्रम रद्द करावा म्हणतो."

"लोकं बसणार का?" जाईबाईनं विचारलं.

"बसतील. पण ते पावसासाठी..."

"बसणार हाईत ना? मग मी येती."

तात्याराव उठले आणि गिटार पुसायला लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी गोडाऊनपुढं मुंगीला वाट नव्हती. बायका घागरी घेऊन आल्या होत्या, आणि तोवर रिकाम्याच म्हणून त्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. लोकांनी कडब्याच्या गंजी झाकून ठेवल्या होत्या. एकानं वाशीहून छत्री आणली होती, आणि ती तो लाजून धोतरात लपवत होता. रखरखीत उन्हात, कोरड्याठाक गावात ते सगळे लोक बसले होते. बसले होते! तात्यारावांनी डेअरीतली लोखंडी खुर्ची स्वतः उचलून आणली आणि आईला पुढच्या रांगेत, सगळ्यांच्या बरोबरीनं बसवलं. जाईबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पाठ न टेकता, जशी ती बँकेत बसायची.

तात्यारावांनी तार छेडली.

आणि समोरच्या सगळ्या माना वर झाल्या.

त्यांना पहिल्यांदा वाटलं, की लोक तल्लीन झाले. मग कळलं, की एकही माणूस त्यांच्याकडं बघत नव्हता. नुसत्या हनुवट्याच हनुवट्या. रेवणप्पानं व्हायोलिन वर चढवली, ज्ञानोबानं क्लॅरोनेट अशी हळुवार आत मिसळली की आजवर लग्नात कधी तसं वाजवलं नसेल. मेव्हणा जागा होता. 'माळ' त्या दिवशी साधली होती. अशी पुन्हा कधी साधणार नव्हती, हे चौघांनाही वाजवतानाच कळत होतं. आणि समोरून आवाज येत होते.

"कुटल्या सुरावर येत्यात म्हणं?"

"आधी बारीक वाजवत्यात. मग मोठं ढग येत्यात."

मधे एक जागा होती. तिथं सगळी वाद्यं थांबायची, आणि त्या शांततेतच खरा माळ होता. तात्यारावांनी ती जागा घासूनपुसून, मीठ चाखावं तशी चाखून ठेवलेली. ती आली. सगळं थांबलं.

"लाईट गेली का रं?" मागून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात तेरखेड्याच्या बाजूला एक ढग दिसला. चिंधीएवढा, पण ढग. पटांगणात असा कल्लोळ झाला की ढोल ऐकू येईना. आण्णासाहेब उभे राहिले. "अरे, कर्णं! कर्णं वर करा! खाली कुणाला वाजवून दाखवताय?"

दोघं जण पटांगणातल्या लिंबावर चढले आणि तिथं बांधलेल्या दोन्ही कर्ण्यांची तोंडं आभाळाकडं केली. त्यानंतर 'माळ'चा जो शेवट झाला, ज्यासाठी सगळी सुरुवात होती, तो खाली बसलेल्या माणसांना नीट ऐकूच आला नाही. तो सगळा वर गेला. वरही कुणी ऐकल्याचा पुरावा नाही. ढग तेरखेड्याकडं सरकला आणि दिसेनासा झाला.

टाळी नाही, काही नाही. बायकांनी घागरी सुलट्या केल्या, त्याचाच काय तो आवाज.

आण्णासाहेब जवळ आले. हा माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण. त्यांनी तात्यारावांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाराज होऊ नगा. आता एक फेरी काढू गावातनं. धोंडी तयारच हाय, लिंबाचा पाला बांधून. तुमी म्होरं ऱ्हावा."

धोंडी म्हणजे पाऊस मागायचा जुना रिवाज. एकाला पाल्यानं मढवून दारोदार न्यायचं, बायांनी त्याच्यावर पाणी ओतायचं आणि आभाळाला लाज वाटायला लावायची.

"आण्णासाहेब, आमचं बसून ऐकायचं संगीत हाय," तात्याराव म्हणाले.

"ऐकलं की बसून. बसून आला न्हाय, आता चालून बघू."

"माझ्या वाद्याला वायर हाय. चालताना वाजत न्हाय ते." त्यांना वाटलं, सुटलो. त्यासाठीच तर ती घेतली होती.

"आरं, मग सोसायटीचा ट्रॅक्टर हाय की!" आण्णासाहेबांनी प्रेमानं सांगितलं. "ट्रॉलीत मशीन ठेवू, बॅटरी लावू. तुमी बसा, आमी चालतो. ह्याच्याहून मोठा मान कुटला?"

मागून एक म्हातारा खाकरला. "ह्येच्या बापाला कुटं ट्रॉली लागायची? त्यो येशीपासनं वड्यापत्तर चालत बडवायचा. पाऊस बी पडायचा तवा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तात्यारावांनी मशिनीतून वायर उपटली. दोरखंड गुंडाळतात तशी कोपरावर गुंडाळली, गिटार खांद्याला लावली आणि आईपाशी गेले. "चल." जाईबाई उठली. खुर्ची डेअरीची, ती तिथं टाकून चालणार नव्हतं, म्हणून तिनंच ती कडेवर घेतली. रेवणप्पानं व्हायोलिन पेटीत घातली. ज्ञानोबा मात्र घुटमळला. मग खाली मान घालून म्हणाला, "तात्या, सवय हाय. पाय आपसूक जात्यात." आणि त्यानं लग्नातली एक चाल तोंडाला लावली.

आता गावाची रचना अशी, की तात्यारावांची वस्ती गावाच्या त्या टोकाला, आणि तिकडं जायला रस्ता एकच. त्यामुळं झालं असं, की पुढं गिटार घेतलेले तात्याराव, शेजारी खुर्ची घेतलेली त्यांची आई, आणि मागं पाल्यातला धोंडी, क्लॅरोनेट, ढोल आणि सगळं गाव. बघणाऱ्याला वाटावं, काय डौलात निघालेत!

तात्याराव भराभर चालायला लागले. मागचे म्हणाले, "चाल वाढवा रं, तात्याराव लय रंगात आल्यात." ते थांबले, की वाजवणारे जागेवरच रंगात यायचे. पुढच्या चौकात द्वारकाबाई दारात उभ्याच होत्या. टँकरच्या पाण्याचा तांब्या, घरातला शेवटचा, त्यांनी मोठ्या भक्तीनं पहिल्या माणसावर रिकामा केला. पहिला माणूस धोंडी नव्हता. पाणी गिटारीच्या भोकांतून आत गेलं.

तेव्हा जाईबाईनं खुर्ची रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि बसली. या वेळी पाठ टेकून.

ज्ञानोबाच्या तोंडातली चाल अर्ध्यात थांबली. आण्णासाहेब पुढं आले. "काय झालं मावशे? उठ की. आमचा खोळंबा हुतोय."

"मी बसली हाय," जाईबाई म्हणाली. "माझं पोरगं बी इथं हुबं हाय. तुमाला जायाचं आसंल तर म्होरं व्हा. आमी कुणाच्या म्होरं जात न्हाय."

मेव्हण्याचा ढोलही थांबला. मग ओढ्याच्या पाण्यानं दगडाला वळसा घालून जावं तसं ते गाव खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेलं. आण्णासाहेब तिच्याजवळून जाताना नकळत जरा वाकले. किंवा त्यांच्या चपलेत खडा गेला असेल.

सावरदऱ्यात पाऊस पडला नाही. तो संध्याकाळी तेरखेड्यात पडला, आणि असा सपाटून पडला की तिथल्या फटाक्याच्या कारखान्यांपुढं वाळत घातलेले फटाके भिजून त्यांचा लगदा झाला. तिसऱ्या दिवशी तेरखेड्याची चार माणसं डेअरीत हजर. "तुमच्या बँडनं आमचा माल घालवला. भरून द्या." तात्याराव हात जोडून म्हणाले, "अहो, माझ्या वाजवण्यानं पाऊस पडत न्हाय." ती माणसं म्हणाली, "मग आमच्यात पडला तो काय आमी मागितला हुता?" इकडं गाव म्हणे, यानं पाऊस मुद्दाम तेरखेड्याला धाडला. टंचाई शाखेतून विचारणा आली, की मंजूर ठिकाण सोडून अन्यत्र वातावरण निर्माण केल्याचा खुलासा करावा. पाऊस न पाडल्याबद्दल आणि पाऊस पाडल्याबद्दल, असे दोन्ही दोष एकाच दिवशी लागलेला माणूस त्या जिल्ह्यात दुसरा झाला नसावा. संगीताबद्दल मात्र कुणाचीच काही तक्रार नव्हती. ते कुणी ऐकलंच नव्हतं.

गिटार पुन्हा बोलली नाही. ती कपाटावर गेली. वायर मात्र चांगली होती, लांब आणि मजबूत. मालनबाईनं ती अंगणात बाभळीपासून खांबापर्यंत बांधली आणि तिच्यावर धुणं वाळायला लागलं. धुवायला पाणी मिळेल त्या दिवशी.

अशाच एका दिवशी जाईबाई लुगडं वाळत घालत होती आणि तात्याराव उंबऱ्यावर बसले होते. इतके दिवस त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायची भीती होती.

"आई, त्या दिशी तू पुढंच बसली हुतीस. ऐकलंस का गं?"

"ऐकलं की."

"खरं सांग. तू बी वरच बघत हुतीस. म्या बघितलं."

जाईबाईनं लुगड्याची सुरकुती हातानं काढली. कोरड्या, पांढऱ्या आभाळाकडं एकदा बघितलं.

"आरं बाबा," ती म्हणाली, "तुज्या वाजवण्यातच आभाळ भरून आलं. म्हणून बघितलं वर. तर तिथं काय बी नव्हतं."